दुसरी घंटा

चौकी क्रमांक १९, पुस्तामेझो
रविवार, १४ ऑक्टोबर १९७९

प्रिय विल्मी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. इकडे मी बरी आहे, गुडघे सोडले तर. ते हवा बदलायच्या आधीच कुरकुरायला लागतात. तू लिहिलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेत जा आणि कॉफी कमी कर. तू ऐकणार नाहीस, तरी लिहिते.

पोस्टमनने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "सेगेदची विल्मा म्हणजे तुमची धाकटी ना? मी नोकरीला लागल्यापासून पहिलंच पत्र." म्हटलं, "तुझी नोकरीच केवढीशी." तर म्हणे बावीस वर्षं झाली. कॉफी विचारली, पण त्याला घाई होती.

पत्र चारदा वाचलं. डेनेशरावांच्या शेवटच्या दिवसांचं वाचून वाईट वाटलं. त्यांच्या मातीला मी आले नाही, कारण येऊ की नको हे कुणाला विचारावं ते कळेना. खिडकीपाशी माझ्यासाठी पलंग टाकला आहेस, पडदा शिवायला घेतला आहेस, हिरवा हवा की पिवळा असं विचारलं आहेस. विल्मी, एवढ्या वर्षांत मला कुणी रंग विचारला नव्हता. वाचून मी ओट्यावर बसून रडले आणि मग कोंबड्यांना दाणे टाकायला गेले, कारण त्यांना रडण्याचं काय.

इकडची बातमी म्हणजे फाटक जाणार. नवे खांब आलेसुद्धा. लाल दिवे लुकलुकणार, आडवे दांडे आपोआप खाली येणार, गाडीच रुळावरून त्यांना सांगणार म्हणे. मला तीस तारखेपर्यंत चौकी रिकामी करायची आहे. पेन्शनचे कागद झाले. दोन इंजिनियर पोरं आठवडाभर मोजमापं घेत होती. त्यातला एक, कुरळ्या केसांचा, माझ्या फाटकाच्या चाकाशी उभा राहून म्हणाला, "काकू, हे खरंच हाताने फिरवायचात?"

म्हटलं, "मग काय पायाने?"

त्याला फिरवून दाखवलं. चाकाचं हँडल, त्याला गुंडाळलेली तार, ती कप्प्यांवरून रुळाच्या कडेने जाऊन दोन्ही बाजूंचे आडवे दांडे ओढते. थंडीत तार आकसते, तेव्हा दांडे अर्धवट लोंबकळतात आणि धावत जाऊन हाताने दाबावे लागतात. उन्हाळ्यात ती सैल पडते, मग हँडल वीस वेळा जास्त फिरवा. दांड्यांच्या खाली लोखंडी जाळी लोंबते, म्हणजे मेंढरं घुसू नयेत. गाडी जाताना गुंडाळलेली झेंडी हातात धरून रुळाकडे तोंड करून उभं राहायचं, पाऊस असो की ताप. त्याला फार मौज वाटली. मग त्याने विचारलं, "पण फोन यायच्या आधी तुम्हाला कळायचं कसं, गाडी येतेय ते?"

मी त्याला अंगणातला गंजका खांब दाखवला. त्याच्यावर पूर्वी घमेल्याएवढी घंटा होती. गाडी पलीकडच्या स्टेशनातून सुटली की तिथला मास्तर यंत्राची दांडी फिरवायचा आणि तारेतून इथे ठोके पडायचे. ठोक्यांवरून कळायचं गाडी वरून येतेय की खालून. ठोके ऐकले की फाटक पाडायचं.

"म्हणजे एका गाडीला घंटा किती वेळा व्हायची?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "चहा घेणार?"

ही गोष्ट तुला का सांगते ते पुढे येईलच. आधी दुसरं लिहिते.

दर वर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तू सकाळच्या गाडीने येतेस, तेरकाच्या थडग्यावर मेणबत्त्या लावतेस आणि दुपारच्या गाडीने परत जातेस. दोन्ही वेळा तुझी गाडी माझ्या पुढ्यातून जाते आणि दोन्ही वेळा मी झेंडी धरून उभी असते. मला ठाऊक आहे, तू नेहमी पलीकडच्या खिडकीशी बसतेस. मला काही वर्षं तुझा रुमाल दिसला, काही वर्षं नुसतेच डबे. एकदा, बहुतेक सहासष्ट साली, तू चुकून अलीकडे बसली होतीस आणि आपली नजरानजर झाली. तू लगेच मान फिरवलीस. मी दिवसभर तेवढ्यावर होते. केस पांढरे झाले हिचे, एवढंच सारखं मनात येत होतं.

तुला राग होता तो मला समजत होता. तू सगळ्या गावासमोर मला दगड म्हणालीस. गावाने तुला दोष दिला नाही, पण मलाही दिला नाही. उलट लोक म्हणायला लागले, एटेल्का म्हणजे नियमाची बाई, सख्ख्या भाचीसाठीसुद्धा फाटक उघडलं नाही. रेल्वेचा साहेब एकदा नव्या पोरींना घेऊन आला आणि मला दाखवून म्हणाला, हिच्यासारखं काम करा. विल्मी, मी त्या पोरींसमोर उभी राहिले. त्यांनी मला नमस्कार केला. मी तो घेतला.

आणि आता तुझं पत्र. तू लिहिलं आहेस, "डेनेश जाण्याआधी म्हणाले, एटेल्काची काही चूक नव्हती. दोन्ही घंटा होऊन गेल्या होत्या. दोन घंटा झाल्यावर फाटक उघडलं तर माणसं मरतात. बिचारी नियमाने बांधलेली. आपण उगाच तिच्यावर राग धरला. ताई, मी तुला माफ केलं, तूही मला कर."

मी हे बोर्का काकूंना वाचून दाखवलं. त्या आता त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येतं, जीभ मात्र तशीच. पलीकडच्या मळ्यात एकट्याच राहतात. त्या म्हणाल्या, "जा की मग. हिरवा पडदा सांग. पिवळ्यावर माश्या बसतात."

मी म्हटलं, "काकू, तिला खरं माहीत नाही."

"नसेना का. अठ्ठावीस वर्षांनी बाई पलंग टाकून बसलीय आणि तू तिला मेलेलं उकरून दाखवणार? हात दाखवून अवलक्षण. देवापुढे सांग हवं तर, तो कुठे भाडं मागतोय."

"तिने मला माफ केलंय ते मी केलेल्या गोष्टीसाठी नाही."

"माफी ही माफी. गोधडी मिळाली तर कापसाची का लोकरीची बघत बसू नये, पांघरावी."

बोर्का काकू त्या दिवशी माझ्या अंगणात होत्या, म्हणून त्यांना माहीत आहे. त्या सोडून माझ्या अंब्रूशला माहीत होतं, आणि तो आता नाही.

तर आता लिहिते. चार दिवस हे पत्र लिहितेय आणि दर वेळी इथे येऊन चूल पेटवायला उठते.

तो सप्टेंबर होता, मंगळवार. मी आलुबुखाराचा मुरंबा लावला होता. तुला माहीतच आहे, आईचा तो तांब्याचा हंडा, अंगणात तीन दगडांवर. सकाळी सहाला लावला की अंधार पडेपर्यंत ढवळायचा, एक मिनिट हात थांबला तर बुडाला लागतो आणि सगळा हंडा फुकट. त्या दिवशी मी एकटी, अंब्रूश रुळावर कामाला. बोर्का काकू बसायला आल्या होत्या, पण त्यांचा हात दुखत होता म्हणून ढवळत मीच होते.

दुपारी मालगाडी असायची. दीडच्या सुमाराला घंटा व्हायची, मग बारा-चौदा मिनिटांनी गाडी यायची. घंटा झाली की हंडा सोडून चाकाकडे धावायचं, ओढायचं, परत यायचं, तोवर करपणारच. म्हणून मी सव्वा वाजताच, घंटा व्हायच्या आधीच, फाटक पाडून ठेवलं. या मार्गावरच्या सगळ्या बायका मुरंब्याच्या दिवसांत असं करायच्या. रस्त्यावर दुपारचं कोण असतं? एखादी गाय. कुणी विचारलंच नसतं.

फाटक पाडलं आणि मी घंटेकडे कान द्यायचं सोडलं. खरी चूक ही. पाडलेलं फाटक असताना घंटा ऐकायची गरज काय? काकू जावयाबद्दल सांगत होत्या, मी हसत होते, ढवळत होते.

मग डेनेशरावांच्या घोड्यांचा आवाज आला आणि तुझी हाक. मी धावत आले. तू मांडीवर तेरकाला घेऊन बसली होतीस, शाल गुंडाळलेली. तू म्हणालीस, "ताई, उघड गं लवकर. पोटाला हात लावू देत नाही, सकाळपासून तापाने फणफणलीय. शहरात नेतोय."

मी चाकाकडे गेले, हँडल धरलं आणि थांबले. कारण मला कळेना, घंटा झाली होती की नव्हती. दीड वाजून गेला होता. रोज या वेळेला झालेली असते. मी ऐकली नव्हती, पण मी ऐकतच नव्हते. झाली असेल आणि मी उघडलं, तर तुम्ही तिघं माझ्या डोळ्यांसमोर रुळावर. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले.

तेव्हा मी तुला सांगायला हवं होतं की मला माहीत नाही. एवढेच तीन शब्द होते. डेनेशराव रुळाला कान लावू शकले असते, मी झेंडी घेऊन वळणापर्यंत धावू शकले असते. पण त्यासाठी आधी सांगावं लागलं असतं की फाटक मी मुरंब्यासाठी पाडलंय. मी म्हणाले, "घंटा झालीय, विल्मी."

"कधी?" डेनेशरावांनी विचारलं.

"आत्ताच."

आपण वाट पाहत राहिलो. गाडी येईना. तेरका अधूनमधून कण्हत होती. मग तिला वास आला. म्हणाली, "मावशी, मुरंबा करतेस?" मी हो म्हटलं. "मला ठेव." मी म्हटलं, "ठेवते. मोठी बरणी ठेवते." तुला हे आठवतं का, मला माहीत नाही. मला दुसरं काही आठवत नसलं तरी हे आठवतं.

डेनेशराव चाबूक खांबावर आपटत म्हणाले, "आत्ताच घंटा झाली म्हणतेस, मग गाडी काय बैलांनी ओढून आणतायत?"

आणि तेवढ्यात घंटा झाली.

तुम्ही दोघं दचकलात. मीही. ठोके स्पष्ट पडले, पलीकडच्या स्टेशनातून मालगाडी आत्ता, या क्षणी सुटत होती. म्हणजे इतका वेळ रूळ रिकामा होता. तुम्ही दहा मिनिटं रिकाम्या रुळासमोर उभे होतात.

"ही काय आता?" डेनेशरावांनी विचारलं.

मी म्हणाले, "दुसरी. गाडी जवळ आली की दुसरी होते."

विल्मी, दुसरी घंटा नसते. कधीच नव्हती. या मार्गावर नाही, कुठल्याच मार्गावर नाही. एका गाडीला एकदाच घंटा होते. ही गोष्ट मी त्या क्षणी, उभ्याउभ्या, तोंडातून काढली, आणि तुम्ही दोघांनी ती घरी नेलीत, अठ्ठावीस वर्षं जपलीत आणि तिच्यावरून मला माफ केलंत.

अजून संपलं नाही. एवढंच असतं तर कदाचित मी बोर्का काकूंचं ऐकलं असतं.

ती घंटा झाली तेव्हा मला पक्कं माहीत होतं की गाडीला अजून बारा मिनिटं आहेत. फाटक वर करायला एक मिनिट लागतं, घोडागाडी पलीकडे जायला त्याहून कमी. नियमात नाही, पण आम्ही सगळ्याच जणी घंटा झाल्यावरही ओळखीच्या गाडीला सोडायचो. आदल्याच आठवड्यात मी गवताची गाडी सोडली होती. तेव्हा मला कसली शंका नव्हती, कसली भीती नव्हती. हँडल माझ्या हातात होतं. मी फिरवलं नाही, कारण फिरवलं असतं तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं.

तू गाडीतून उतरलीस. म्हणालीस, "मी हिला उचलून पलीकडे नेते, तिकडे कुणाची तरी गाडी मिळेल." मी तुझा दंड धरला आणि ओरडले, "वेड लागलं का तुला? गाडी कुठल्याही क्षणी येईल." गाडी तेव्हा कोसभर लांब होती. मी तुला घट्ट धरून ठेवलं, बहिणीची काळजी असल्यासारखं. तू मला हिसडा दिलास, मी सोडलं नाही. दोनला पाच कमी असताना मालगाडी गेली. तुम्ही धूळ उडवत गेलात.

डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आणायला हवं होतं. थोडं म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मी हा प्रश्न सगळ्या बाजूंनी उलटून पाहिला आहे. कदाचित त्या पंचवीस मिनिटांनी काहीच फरक पडला नसता. कदाचित पडला असता. पोटातलं फुटलं ते केव्हा फुटलं, हे कुणाला सांगता येणार? पण यातला दिलासा घ्यायचा असेल तर तो तू घे. मी घेणार नाही.

मुरंबा करपला नाही. मी फाटकाशी असताना बोर्का काकू दुखऱ्या हाताने ढवळत होत्या. अकरा बरण्या झाल्या आणि मोठी एक. चांगला झाला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मातीच्या दिवशी तू स्मशानाच्या दारात म्हणालीस, "दोन घंटा झाल्या, दोन, आणि हिच्या डोळ्यांत पाणी नाही. तू आत यायचं नाहीस." अंब्रूश माझ्या शेजारी उभा होता. रेल्वेचा माणूस तो, "दोन" ऐकल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. घरी आलो. जेवायला बसताना म्हणाला, "मी तुझ्या बहिणीला सांगणार नाही. तू सांग."

मी म्हटलं, "सांगते."

त्यानंतर तो बावीस वर्षं जगला. पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्या हिवाळ्यात त्याने मुरंब्याला हात लावला नाही, आणि पुढच्या सप्टेंबरात मी हंडा विकला. वाईट नवरा नव्हता तो, विल्मी. फक्त त्याला माझं जेवण गोड लागेनासं झालं.

का नाही सांगितलं? पहिल्या वर्षी भीती वाटली, तुरुंगाची, चौकी जाण्याची. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता सांगून तिची जखम कशाला उघडायची. मग लोक नियमाची बाई म्हणायला लागले, आणि खरं सांगते, ते मला आवडायला लागलं. तू माझ्यावर दगड म्हणून रागावली होतीस ते सोसायला सोपं होतं. दगडाला निदान काही किंमत असते. मुरंब्यासाठी फाटक पाडणाऱ्या आणि तोंड लपवायला भाचीला अडवणाऱ्या बाईवर तू रागावली असतीस, तर मी कुठे तोंड दाखवलं असतं?

म्हणून पडद्याचा रंग मी सांगत नाही. तुझ्या पलंगावर एक रात्रही मला झोप येणार नाही. सकाळी तू मला कॉफी देशील, म्हणशील, बिचारी नियमाने बांधलेली, आणि मी मान हलवीन. एवढं मला जमणार नाही. इतकं खोटं जमलं, पण हे नाही. बोर्का काकूंनी मागची खोली देऊ केली आहे. त्या वर म्हणाल्या, "पत्र टाकायच्या आधी एकदा चिखलात पाडून बघ, बुद्धी येईल." उद्या टाकते.

डेनेशराव समाधानाने गेले, माझी चूक नव्हती असं मानून. हे मला फार लागतं. त्यांच्याकडून परत घ्यायला आता काही उपाय नाही. तुझ्याकडे आहे. तू माफी परत घे, त्यात तुझा कमीपणा नाही. ती तू दुसऱ्याच कुणा बाईला दिली होतीस, जी त्या दिवशी तिथे नव्हती.

एक मागणं आहे. ते पलंगाबद्दल नाही.

मी स्मशानापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर राहून तेरकाचं थडगं पाहिलेलं नाही. तू आत यायचं नाही म्हणालीस, म्हणून गेले नाही. बाजाराला जाताना कुंपणाशी थांबते आणि पुढे जाते. तिचा दगड कुठल्या रंगाचा आहे तेही मला माहीत नाही. लोक मला नियमाची बाई म्हणतात. विल्मी, मी नियम मुरंब्यासाठी मोडला, शेजाऱ्याच्या गवतासाठी मोडला. एकदाही मोडला नाही असा एकच आहे, तो तू घातलेला.

दोन नोव्हेंबरला तू येशील. यंदा मी झेंडी घेऊन उभी नसेन, तेव्हा बिनधास्त हव्या त्या खिडकीशी बस. तू परत गेल्यावर, दुपारी, मला आत जाऊ देशील का? तुझ्या मेणबत्त्यांना हात लावणार नाही. माझी एक लावीन आणि जे तुला लिहिलं ते तिला सांगीन. तिला तर अजून कुणीच सांगितलेलं नाही.

कार्डावर नुसतं हो किंवा नाही लिही. काहीच आलं नाही तर नाही समजेन आणि कुंपणाबाहेर उभी राहीन.

तू फाडून टाकलंस तरी हे तुझ्याच बहिणीने लिहिलं,
एटेल्का